सुमित्राबाईंनी पकडलेली चाल

नाचणगावात कोणालाही विचारा, सुमित्राबाई भजनाला बसल्या की त्यांचं ध्यान लागतं असंच सांगतील. डोळे मिटले की मिटले. मग वरून मंडप कोसळला तरी त्यांना पत्ता नसे. हे उगाच म्हणायचं म्हणून नाही, आष्टीच्या भजन स्पर्धेत तो खरंच कोसळला होता. वावधान सुटलं, वादळी वाऱ्यानं कापड खाली आलं, बाकीच्या बाया टाळ टाकून पळाल्या, परीक्षक टेबलाखाली शिरले आणि कापडाच्या ढिगातून एकच आवाज येत राहिला. लोकांनी कापड उचललं तेव्हा बाई शेवटच्या कडव्यावर होत्या. खांद्यावर सुतळीचा गुंता, कपाळावर धूळ, डोळे मिटलेले. बक्षीस दुसऱ्याच मंडळाला गेलं, पण त्या दिवसापासून लोक सुमित्राबाईंना जरा जास्तच वाकून नमस्कार करू लागले.

बाईंनाही ते खरं वाटायचं. "देवाची कृपा, दुसरं काय," म्हणून त्या पदर सारखा करायच्या आणि भाजीपाल्यावर बोलू लागायच्या.

पण मंडळ पांगलं. पेटी वाजवायच्या त्या बाई मुलाकडे नागपूरला गेल्या. खंजेरीवालीचे गुडघे गेले, तिला खाली बसता येईना. एक-दोघी देवाघरी गेल्या. मंडळाची सतरंजी सुमित्राबाईंच्या कपाटावर घडी घालून पडली. घरी देवापुढे त्या म्हणत रोज, पण एकटीनं म्हटलेलं भजन त्यांना पुरं वाटतच नसे. सवयीनं ओळ टाकायची आणि थांबायचं, समोरून कोणी झेलेल म्हणून. झेलायला कोण? तेवढ्या जागेत कधी कुकरची शिट्टी येई, नाहीतर बाहेरच्या खोलीतून भैय्याजींचा आवाज:

"झालं काय वं? चहा ठेवतं का?"

भैय्याजी म्हणजे त्यांचे यजमान. शेजारच्या पुलगावात त्यांचं किराणा दुकान. माणूस भला, पण गाण्यातला ओ की ठो कळायचा नाही. बाईंनी एकदा त्यांना ओळ झेलायला बसवून पाहिलं होतं. त्यांनी अशा सुरात झेलली की अंगणातलं मांजर उठून गेलं.

तर एका दिवशी त्यांची सून सपना शाळेतून आली ती बातमी घेऊनच. सपना पुलगावच्या एका शाळेत शिकवते.

"आई, वर्ध्याला मोठा कार्यक्रम आहे. पुण्याहून ऑर्केस्ट्रा येतोय. त्यांना गाणारी माणसं हवीत. आपण दोघी जाऊ."

भैय्याजींनी पेपर खाली ठेवला. "ऑर्केस्ट्रा? त्याच्यात पोरी नाचतेत. आई तिथं काय करन?"

"तो नाही हो बाबा. हा व्हायोलिनचा. पन्नास-साठ माणसं नुसती बसून वाजवतात."

"बसून? मंग पाहाचं काय?"

सपनानं दोघांना समजावून सांगितलं. कार्यक्रमाचे दोन भाग. पहिल्या भागात पंचभूतांची वंदना, म्हणजे पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, आकाश या पाचांची प्रार्थना. ती शंभरेक माणसं उभी राहून गाणार आणि मागेपुढे सगळी वाद्यं. दुसऱ्या भागात सिंफनी. त्यात शब्द नाहीत, गाणारे नाहीत, नुसती वाद्यं. वंदना ज्यांनी बांधली ते प्रफुल्ल सर मूळचे इथल्या आर्वीचेच, आता पुण्यात असतात. तेच सगळ्यांना हातवारे करून चालवणार.

सुमित्राबाईंच्या कानात एवढंच शिरलं: शंभर माणसं आणि प्रार्थना.

"मले घेतीन ते?" त्यांनी हळूच विचारलं.

घेतलं. वर्ध्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सरांनी एकेकाचा आवाज ऐकला; सपनालाही घेतलं. सुमित्राबाईंनी डोळे मिटून एक ओळ म्हटली तेव्हा सर पेटीवरचा हात उचलून म्हणाले, "वा! हा आवाज मला खालच्या सुरांत हवाच." आणि त्यांना खालच्या सुराच्या बायकांमध्ये, आंजीच्या प्रमिलाबाईंच्या शेजारी उभं केलं. प्रमिलाबाईही भजनवाल्या. त्यांचंही मंडळ असंच विस्कटलेलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि पाच मिनिटांत कोणाची कोण भाची कुठं दिली इथपर्यंत जाऊन पोचल्या.

पहिल्या दिवशी घरी येताना बाई गाडीत बसून एकट्याच हसत होत्या. इतक्या गळ्यांमधला आपला गळा! बाजूची चुकली तर आपण आहोत, आपण चुकलो तर बाजूची आहे.

सूर चांगले होते, पाठांतर पक्कं होतं. अडलं ते भलतीकडेच.

"मावशी," दुसऱ्या तालमीला सर म्हणाले, "डोळे उघडा."

सुमित्राबाईंनी उघडले. सर हातातली बारीक काडी दाखवून म्हणाले, "ही पाहायची. ही खाली आली की सुरू, ही थांबली की बंद. पाहिलं नाही तर शंभर माणसं शंभर वाटांनी जातील."

"हाव जी," बाई म्हणाल्या.

गाणं सुरू झालं आणि डोळे मिटले. "मावशी!" उघडले. दुसरी ओळ आली, मिटले. "मावशी!"

"सर, डोळे उघडे ठेवून देवाले हाक कशी माराची? तो काय दारात उभा हाये?"

सगळे हसले. सरही हसले, पण म्हणाले, "आज सराव करून पाहा."

बाईंनी मन घट्ट केलं, डोळे ताणून ठेवले आणि काडीकडे पाहत गाऊ लागल्या. पृथ्वीची वंदना निम्मी झाली असेल नसेल, एकदम त्यांचाच आवाज सगळ्यांच्या वर आला:

"सर, तुमचं बटन लोंबून राह्यलं."

पेटी थांबली. सरांनी शर्टाकडे पाहिलं. खरंच लोंबत होतं.

पाण्याच्या वंदनेत बाईंना दिसलं की खिडकीतल्या कुंडीला कोणी पाणी घातलेलं नाही. अग्नीच्या वेळी दिसलं की पुढच्या रांगेतल्या मुलीच्या साडीचा फॉल उसवला आहे, आता पाय अडकून पडणार. वाऱ्यापर्यंत त्या गाणंच विसरल्या आणि कोपऱ्यातल्या जाळ्यांना झाडू कुठून लावावा याचा हिशोब करत नुसत्या तोंड हलवत राहिल्या.

त्या दिवशी परतताना सुमित्राबाई हसत नव्हत्या. खिडकीबाहेर पाहत होत्या आणि मनात काहीतरी टोचत होतं. इतकी वर्षं लोक म्हणत आले, बाईंचं ध्यान लागतं. कशाचं ध्यान? डोळे उघडे असले की आपल्याला काम दिसतं. सांडलेलं, उसवलेलं, उघडं राहिलेलं, सगळं दिसतं आणि हात शिवशिवतात. डोळे मिटले तरच कामातून सुटका आणि तेवढाच वेळ देवाचा. मंडप कोसळला तेव्हा डोळे उघडले असते तर भजन सोडून त्या कापडाच्या घड्या घालायला बसल्या असत्या, यात त्यांना आता शंका उरली नव्हती.

"सपना," त्या म्हणाल्या, "मी काही लय मोठी भक्तीण नाई वं."

"असं काऊन म्हणता आई?" सपना घाबरूनच म्हणाली.

"असंच."

पुढच्या तालमीनंतर सरांनी त्यांना बाजूला घेतलं. बोलले प्रेमानं, पण बोलले स्पष्ट. "मावशी, येत्या आठवड्यात ऑर्केस्ट्रा येतोय. मग चूक झाली तर निस्तरता येत नाही. डोळे उघडे ठेवून गाता आलं तर तुम्ही स्टेजवर. नाहीतर मला माफ करा, तुम्हाला समोर खुर्चीत बसून ऐकावं लागेल."

खुर्चीत बसून ऐकायचं तर टीव्ही काय वाईट होता! सुमित्राबाईंना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. एवढ्या दिवसांनी कोणाच्या तरी सोबतीनं गायला मिळालं होतं, आणि आता ते जाणार तेही कशापायी, तर कोणाचं बटन लोंबतं म्हणून.

भैय्याजींना बायकोचा उतरलेला चेहरा बघवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्यांनी बाईंना दुकानात बोलावलं, स्टुलावर उभं केलं आणि आपण छताला टांगलेल्या पुड्या काढायची आकडीची काठी घेऊन समोर उभे राहिले.

"हं. पाह्य माह्या काठीकडं. अन् म्हण."

बाई म्हणू लागल्या. भैय्याजी काठी अशी फिरवत होते की जणू विहिरीतून बादली काढतात. दोन ओळी नीट गेल्या. तिसरीला बाईंची नजर एका पोत्यावर गेली आणि त्या थांबल्या.

"थ्या साबुदान्याच्या कट्ट्याले उंदरानं भोक पाडलं, पाह्यलं काय जी?"

"साबुदाना गेला खड्ड्यात! काठीकडं पाह्य!"

"पाहूनच तं राह्यली. काठीच्याच मांगं हाये कट्टा!"

तेवढ्यात शेजारचे रूपराव चहापत्ती घ्यायला आले. स्टुलावर बाई, समोर काठी उगारलेले भैय्याजी. रूपराव दारातच थबकले.

"काय जी भैय्याजी, या वयात वहिनीले मारून राह्यले?"

"मारून नाई राह्यलो," भैय्याजी घाम पुसत म्हणाले, "गायाले लावून राह्यलो."

"मंग मारलेलंच बरं," रूपराव म्हणाले आणि चहापत्ती घेऊन गेले.

एवढं करूनही डोळे काही वळणावर आले नाहीत. बाईंनी मनातल्या मनात खुर्ची पक्की धरली.

गुरुवारी संध्याकाळी त्या देवळात गेल्या. आरतीचं ताट त्यांच्याच हातात आलं. त्या ओवाळत होत्या, म्हणत होत्या, घंटा वाजत होती, आणि दुसऱ्या कडव्याला त्यांच्या अंगावर एकदम काटा आला. आपले डोळे उघडे आहेत! निरांजनाच्या ज्योतीवर डोळे लागलेत आणि तोंडातून शब्द बिनचूक येतायत. समोर खांबाजवळ कोणाच्या तरी चपला वेड्यावाकड्या पडल्यायत, पण त्या असून नसल्यासारख्या. आरती कधी कोणी डोळे मिटून म्हणतं का? देवाचं तोंड उजेडात पाहायचं म्हणून तर ओवाळायचं. आणि ही अक्कल आपल्याला आज यावी!

त्यांनी आरती पुरी केली, घाईनं सगळ्यांपुढे ताट फिरवलं आणि घरी येऊन सपनाला म्हणाल्या, "झालं काम. सरची काडी म्हंजे निरंजन."

"म्हणजे काय आई?"

"तुले नाई समजाचं. उद्या पाह्यजो."

ऑर्केस्ट्रा आला. एवढी व्हायोलिनं एका जागी बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. त्या सगळ्यांच्या मागे, उंच पायऱ्यांवर गाणारे उभे राहिले. सरांची काडी वर गेली तशी सुमित्राबाईंनी तिच्या टोकावर एक ज्योत लावून टाकली, मनातच. पृथ्वी झाली, पाणी झालं. मधेच एका वाजवणाऱ्याचा कागद खाली सरकताना दिसला, क्षणभर हात शिवशिवले, पण ज्योत हलली आणि त्या पुन्हा तिच्यामागे गेल्या. तालीम संपल्यावर सरांनी लांबूनच त्यांच्याकडे पाहून मान डोलावली. खुर्ची टळली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. भैय्याजी इस्त्रीचं धोतर नेसून, बाजूला कोणी बसायच्या आत पिशवी ठेवून जागा अडवून बसले होते, का ते त्यांनाच ठाऊक. वंदना सुरू झाली. सुमित्राबाईंचे डोळे ज्योतीवर, गळा प्रमिलाबाईंच्या गळ्यात मिसळलेला, पायांखाली मोठमोठ्या नगाऱ्यांची थरथर. आकाशाच्या वंदनेला सगळे आवाज एकेक करून वर चढत गेले आणि एका जागी येऊन थांबले. काडी थांबली. 

आणि बाईंचे दोन्ही तळहात आपोआप पुढे झाले, काडीच्या दिशेनं, आणि आरती घेतल्यासारखे डोळ्यांना लागले. प्रमिलाबाईंनी पाहिलं, त्यांनीही घेतली. मग आणखी तीन-चार जणींनी. सरांना वाटलं बायका आपल्याला नमस्कार करतायत. ते बिचारे लाजून वाकले. टाळ्या कडाडल्या.

इथपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. पुढची गोष्ट सिंफनीतली.

मध्यंतरानंतर गाणाऱ्यांना समोरच्या पहिल्या रांगांत बसवलं. आता यांचं काम संपलं होतं, नुसतं ऐकायचं. सिंफनीचा पहिला भाग बाईंना लग्नघरच्या सकाळसारखा वाटला, सगळे एकदम धावतायत, कोणाचं कोणाला ऐकू जात नाही. तो संपला. मग दुसरा भाग आला, अगदी सावकाश. एका बासरीसारख्या वाद्यानं एक ओळ म्हटली. व्हायोलिनांनी ती हळूच झेलली.

सुमित्राबाई ताठ बसल्या. ओळ टाकली, झेलली. हे तर आपलंच! आणि चाल तरी काय! अशी गोड, अशी सरळ, की देवाचं नाव त्यात ठेवलं तर न सांडता बसेल.

भजनी मंडळातल्या बाईची एक खोड असते. चांगली चाल कानावर पडली, मग ती वरातीच्या बँडची असो की शेजारणीच्या मोबाइलची, ती तिथल्या तिथं पकडायची. पकडायची म्हणजे गुणगुणायची. दोन-तीनदा गळ्यातून फिरवली की बसली, नाहीतर घरी पोचेपर्यंत उडून गेली. कागदावर लिहिणं कोणाला येतं!

आता काडी पाहायची नव्हती. बाईंनी कितीतरी दिवसांनी मनमोकळे डोळे मिटले आणि चाल पकडायला लागल्या. "हुं… हुं हुं… हुं…" आधी हळू. डाव्या बाजूनंही तसाच आवाज यायला लागला. प्रमिलाबाईसुद्धा पकडत होत्या! मग काय, बाईंना जोर आला. व्हायोलिनं नाजूक वाजत होती आणि या दोघी भरल्या गळ्यानं. पाठीमागून कोणीतरी तिसरीही सामील झाली. सरांची पाठ ताठ झाली. काडी उजव्या हातात चालू ठेवून त्यांचा डावा हात पाठीमागे आला आणि खाली, खाली, असं करू लागला. पण पाहणार कोण? डोळे मिटलेले.

शेवटी उजवीकडे बसलेल्या सपनानं असा चिमटा काढला की सुमित्राबाईंचा शेवटचा "हुं" किंकाळीवर जाऊन संपला.

मागच्या रांगेत एकानं टाळी वाजवली. त्याला वाटलं, हेही लिहिलेलंच आहे.

कार्यक्रम संपल्यावर सर रंगमंचामागच्या खोलीत आले. कपाळाला घाम, कोट काढलेला.

"कोण गुणगुणत होतं?"

सुमित्राबाई उठून उभ्या राहिल्या. "मी."

"मी बी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"काऊन पण?" पुण्याची मराठी सरांच्या तोंडातून पार गळून पडली. "काऊन केलं असं?"

"चाल पकडून राह्यलो होतो, सर. लय गोड होती. निसटून गेली असती."

"मावशी, दोनशे वर्षांची चाल आहे ती! अजून कुठं निसटली नाही!"

"तुमच्याजवळ कागद हाये. आमच्याजवळ काय हाये?"

सर खुर्चीत बसले. त्यांनी दोन्ही हातांत डोकं धरलं, खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतायत. मान वर केली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण हसण्याचं.

"मावशी, तुमच्यावर रागावताही येत नाही आणि तुम्हाला पुन्हा घेताही येत नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नागपूरला करतोय हाच कार्यक्रम. पण तुम्ही दोघी नाही. माझी छाती नाही तेवढी."

बाईंनी मान हलवली. सरांचं बरोबर होतं. चुकलं होतं ते आपलं. पण गाडीत त्या खिडकीला डोकं टेकून बसल्या. झालं, संपलं. पुन्हा देवघर, पुन्हा कुकरची शिट्टी.

भैय्याजींनी एकदोनदा बायकोकडे पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "माह्या बाजूचा माणूस म्हने, सगळ्यात चांगलं तेच वाजवलं."

"कोनतं?"

"तेच. तुमचं हुं हुं."

"खोटं बोलता! बाजूले तं तुमची पिशवी होती."

भैय्याजी खिडकीबाहेर पाहू लागले.

चार-सहा दिवस असेच गेले. बाईंनी देवापुढे चाल आठवून पाहिली. निम्मी होती, निम्मी नव्हती. आणि शनिवारी सकाळी फोन वाजला.

"सुमित्राबाई, मी आंजीहून प्रमिला बोलतो. थे चाल तुमच्याजवळ पुरी हाये काय? माही मधातून सुटली."

"माही शेवटाची सुटली!"

"मंग येतो मी दुपारून. आमच्या इथल्या दोघी म्हनतेत, आमालेही शिकाची हाये. आणू काय?"

"इचारता काय बाप्पा! या!"

कपाटावरची सतरंजी खाली आली. तिला उन्हात टाकून बडवताना निघालेली धूळ पाहून शेजारच्या दोघी कुंपणापाशी आल्या, काय आहे विचारायला, आणि ऐकून तिथूनच आत आल्या. दुपारी प्रमिलाबाई टाळ घेऊन उतरल्या, सोबतीला त्यांच्या दोघी. बैठक बसली. शब्दांना अडचण नव्हती, अभंग तोंडपाठ होते. चाल जुळवायला घेतली. अर्धी हिची, अर्धी तिची, असं करत चाल उभी राहिली, पण एका वळणावर येऊन अडली. सुमित्राबाई म्हणत, इथं सूर खाली उतरतो. प्रमिलाबाई म्हणत, वर जातो.

"खाली होता. मी माह्या कानानं ऐकलं."

"मंग माहे कान काय उसने हायेत? वर होता!"

भांडण टाळांपर्यंत जाणार असं दिसल्यावर सपनानं मोबाइल काढला. "थांबा. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ग्रुपवर आलंय. ऐका आणि मिटवा."

सगळ्या जणी मोबाइलवर वाकल्या. बासरीसारखं वाद्य आलं, ओळ टाकली. व्हायोलिनांनी झेलली. ते वळण जवळ आलं, आणि नेमकी तिथंच व्हायोलिनं कुठं गडप झाली कळेना. खणखणीत ऐकू येत होत्या त्या या दोघी, "हुं… हुं हुं…" एकीचा सूर वर जात होता, दुसरीचा खाली.

सपनानं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. खरी चाल काय होती ते आता सरांच्या कागदालाच ठाऊक.

सपनानं मोबाइल खाली ठेवला.

"वाईट नाई लागून राह्यलं पन," प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या.

"मंग तुमी वरून घ्या, मी खालून घेतो," सुमित्राबाई म्हणाल्या. "सरनं शिकवलं ते कधी कामाले येईन?"

त्यांनी डोळे मिटले आणि ओळ टाकली. समोरून सतरंजीभर बायांनी ती झेलली.